दादीचा चिंचोक्यांचा डबा

आमच्या बार्शीच्या घरात डालड्याचा एक जुना डबा आहे. रंग उडालेला, झाकण नीट न बसणारा. माझी दादी त्यात चिंचोके ठेवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हा डबा हीच तिची हिशेबाची वही.

रमजानमध्ये रोजे ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातून सूट कोणाला मिळते, हे फारसं माहीत नसतं. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना रोजा सोडता येतो. मासिक पाळीच्या दिवसांत तर बायकांनी तो ठेवायचाच नसतो. मात्र हे सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून द्यायचे. त्याला 'कजा' म्हणतात. दादी सुटलेल्या प्रत्येक रोजाचा एक चिंचोका डब्यात टाकायची, आणि कजा रोजा झाला की एक बाहेर काढायची. चिंचोके शेजारच्या काकूंच्या परसातल्या चिंचेचे.

"रोजा अल्लाका कर्जा है, बुडाना नै," असं ती म्हणायची.

दादीच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. "गांधीजी गेले तवा मी चौदा वर्षांची," एवढंच ती सांगे. म्हणजे जन्म १९३४ च्या आसपासचा. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. दादीने असे जवळजवळ तीन फेरे पाहिले. पावसातले, थंडीतले आणि आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या रणरणत्या उन्हातले रोजे तिने केले.

सात बाळंतपणं झाली, तेव्हा डबा भरलेलाच असायचा. पण सगळ्यात जड झाला तो १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होता. दादी आणि शेजारच्या काकू, दोघी गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. माझी धाकटी आत्या तेव्हा अंगावर पीत होती. सहा रोजे दादीने तसेच रेटले. सातव्या दिवशी दूध आटलं आणि पोर रडायचं थांबेना. काकूंनी आपल्या वाटची सुकडी तिच्या ओंजळीत ओतली आणि म्हणाल्या, "भाभी, आधी खा. देवाला मी सांगते." दादीने खाल्लं. त्या वर्षी डब्यात चोवीस चिंचोके पडले. घरातली पोरं ते भाजून मागत होती. तिने एकही दिला नाही.

ते चोवीस रोजे तिने पुढच्या वर्षांत फेडले, तेही डिसेंबर-जानेवारीत. "थंडीत दिवस आखूड, कर्जा सस्ता पडता," असं म्हणून हसायची.

१९७२ मध्ये दिवाळी रमजानमध्येच आली होती. पणतीत घालायला तेल नव्हतं, मग फराळ कुठला? बरोबर तेहतीस वर्षांनी, २००५ मध्ये, पुन्हा तसाच योग आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मगरिबच्या अजानीआधी काकू करंज्या-चकल्यांचं ताट घेऊन आल्या. दादीने खजुराने रोजा सोडला आणि लगेच करंजी उचलली. दोघी त्या सुकडीबद्दल बोलत बसल्या. चार दिवसांनी ईद झाली आणि शिरखुर्म्याचं पातेलं काकूंकडे गेलं.

२०१८ चा रमजान ऐन मे महिन्यात आला. दादी चौऱ्याऐंशीची. घरच्यांनी नको म्हटलं तरी पहाटे साडेचारच्या आत सहेरी करून बसायची. तिसऱ्या रोजाला दुपारी न्हाणीघराजवळ चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद करायला सांगितले. दादी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. डबा उशाशी घेऊन पडून राहिली. आता टाकलेला चिंचोका परत काढता येणार नाही, हे तिला लागलं होतं.

काकूच समजूत घालायला आल्या. "मीही गोळ्यांपायी एकादशी सोडली, भाभी. देव काय हजेरी मांडतो?"

"मांडता," दादी म्हणाली. "पन रजा बी देता."

ती रजा म्हणजे 'फिदिया'. म्हातारपणामुळे ज्याला रोजा आता कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरजू माणसाला दोन वेळ जेवू घालायचं किंवा साधारण पावणेदोन किलो गव्हाची किंमत द्यायची. पैसे देऊन मोकळं होणं दादीला पटेना. रोज डबा जायचा, गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. दादी बसल्या जागी लसूण सोलायची, मेथी निवडायची, मीठ चाखून बघायची. डबा पोचला की चिंचोका बाहेर. २०२० च्या टाळेबंदीतही त्यात खंड पडला नाही.

२०२४ च्या ईदनंतर दोन महिन्यांनी दादी गेली. घरात माणसं मावत नव्हती. आधी भाभी, मग चाची आणि शेवटी साऱ्या गल्लीची ती दादी झाली होती. चौथ्या दिवशी मी डबा उघडला. तो रिकामा होता.

आता तो माझ्याकडे आहे. वहीत लिहिणं मला सहज जमेल, तरी मी चिंचोकेच टाकते. यंदा रमजान फेब्रुवारीत आला, चिंचा फोडायच्या दिवसांत. काकूंना आता ऐकू कमी येतं, हातही थरथरतात. पण परवा नातवाच्या हाती त्यांनी मूठभर धुतलेले चिंचोके पाठवले. सोबत निरोप होता, "दादीच्या डब्यासाठी."