दाढेतली चौथी नळी

सकाळी ८.३०
शनिवार. कराडमधल्या एका डेंटल कॉलेजची ओपीडी. केसपेपरची रांग जिन्यापर्यंत आलीय. ती एमडीएसच्या तिसऱ्या वर्षाला, विभाग रूट कॅनलचा. ट्रे लावते: आरसा, प्रोब, दाताच्या नळ्या साफ करायची जांभळ्या मुठीची दहा नंबरची फाइल. तिचं टोक ०.१० मिलिमीटरचं. पीळ पडलेली फाइल ती लगेच बाजूला टाकते. दाताच्या मुळात तुटली तर काढणं महाकठीण.

९.१५
खुर्चीत पाटण तालुक्यातल्या मावशी. रोजंदारीवर रानात जातात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल वर्षापूर्वी दुसरीकडे झालंय, तरी चहाचा घोट घेतला की ठणका लागतो. साध्या एक्स-रेत तिन्ही मुळं भरलेली दिसतात. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दोन नळ्या असतात, आणि सपाट फोटोत त्या एकमेकींच्या मागे लपतात.

"अजून किती खेपा, मॅडम? आजचं ३०० रुपये बुडालंच."

"आज स्कॅन, मग मंगळवारी. सकाळी पहिला नंबर तुमचाच घेते, मावशी."

१०.४०
सीबीसीटीची, म्हणजे दातांच्या त्रिमितीय स्कॅनची खोली. कानातलं, चमकी, केसातल्या पिना काढून झाल्या. मंगळसूत्राशी मावशींचा हात थांबतो. ती त्यांच्याच रुमालात ते बांधते आणि त्यांच्याच मुठीत देते. हनुवटी टेकवली, डोकं पट्ट्यानं धरलं. "आता गिळायचं नाही, हलायचं नाही." दार बंद. मशीन डोक्याभोवती फिरतं, काही सेकंदांत काम संपतं. गिळलं असतं तर पुन्हा स्कॅन आणि पुन्हा किरण, म्हणून आधी दोनदा समजावते.

११.०५
पडद्यावर दाढेचे आडवे काप. माउसचं चाक हळूहळू फिरतं. भरलेली नळी पांढरीफेक, तिच्यापासून टाळूच्या बाजूला एक काळा ठिपका. लगेच विश्वास ठेवत नाही. भरलेल्या मसाल्यामुळे खोट्या काळ्या रेषाही उठतात. पुढचा काप, त्याच्या पुढचा. ठिपका टिकून आहे. चौथी नळी. तिथं फाइल पोचलेलीच नाही.

तिचा प्रबंधही दाढांमधल्या नळ्यांवरच आहे, पण ही दाढ त्यात मोजली जाणार नाही. आधी भरलेल्या दाढा त्यात घेत नाहीत.

दुपारी १.१५
सांगलीची एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तिच्यासारखीला दर आठवड्याला त्याचा आधार वाटतो. डबा गाडीतच संपतो.

३.४५
सांगलीतलं स्कॅन सेंटर. प्रबंधासाठी इथले जुने स्कॅन, कुणाचे अक्कलदाढेसाठी, कुणाचे इम्प्लांटसाठी काढलेले. अभ्यासासाठी नव्यानं कुणालाही किरण द्यायचे नाहीत. नावं झाकलेली, फक्त नंबर. १३ मिलिमीटरचं मूळ, ०.१५ मिलिमीटरचा काप, म्हणजे एका मुळाचे ८७ काप. दिवे मंद. दिवसाला वीसच स्कॅन. त्यापुढे डोळे फसतात.

वहीत रकाने आहेत व्हर्टुचीच्या आठ प्रकारांचे. अमेरिकेतल्या या दंतवैद्यानं २,४०० काढलेल्या दातांत रंग सोडून, दात पारदर्शक करून नळ्या पाहिल्या. १९८४ साली ते छापून आलं. एकच नळी तळापासून टोकापर्यंत, तर पहिला प्रकार. दोन निघून टोकाआधी मिळतात, तो दुसरा. दोन्ही वेगळ्या टोकाला जातात, तो चौथा. आजही जगभर हेच रकाने. पण कृष्णाकाठच्या दाढा कुठल्या रकान्यात किती, हे इथंच बसून मोजावं लागतं.

५.४०
खालची दुसरी दाढ. दोन मुळं एकजीव झालेली, आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी फट. एका कापात अखंड, चार कापांखाली तुटलेली, पुढे पुन्हा जुळलेली. फाइल अशा फटीत सगळीकडे पोचत नाही. औषधी पाण्यानं धुवावं लागतं. या एका दाढेला अर्धा तास जातो. चहा गार होतो, पुन्हा सांगत नाही.

७.१०
वर्गमैत्रिणीनं हेच वीस स्कॅन स्वतंत्रपणे वाचलेत. दोघी वह्या जुळवतात. तीन दाढांवर पटत नाही. एकीला दोन नळ्या मिळालेल्या दिसतात, दुसरीला वेगळ्या. कुणी हट्ट धरत नाही. नंबर वेगळ्या पानावर लिहून ठेवतात. सोमवारी गाइड मॅडम बघतील, त्या सांगतील ते भरायचं.