मुक्काम पोस्ट रामटेक

विदर्भाला समुद्र नाही. त्याची हौस इथल्या माणसाने तलावांवर भागवली. संध्याकाळी दोन घटका पाण्याकाठी बसायचं तर नागपूरकराला फुटाळा आहे, अंबाझरी आहे. डबे बांधून, पोरंबाळं घेऊन दिवसभरासाठी निघायचं म्हटलं की मात्र गाडी रामटेकच्या वाटेला लागते. नागपूरपासून पन्नासएक किलोमीटर. टेकडीवर राम, पायथ्याशी अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचं पसरलेलं पाणी. देव, डोंगर आणि बोटिंग एकाच सुटीत उरकतं.

अशा गावात एखादं जुनं, नामांकित हॉटेल असायला हवं. कोणत्या साहेबाने बांधलं, कोण कोण राहून गेलं, कोणत्या खोलीत कोण वारलं, असा त्याचा इतिहास असायला हवा. रामटेकला तसं हॉटेल नाही. आहेत त्या धर्मशाळा, भक्तनिवास, लॉज आणि खिंडसीच्या काठावरचं रिसॉर्ट. पाहुण्यांची यादी मात्र अशी आहे की मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलनेही हेवा करावा.

यादीत पहिलं नाव खुद्द देवाचं. वनवासात असताना राम इथे अगस्तींच्या आश्रमात थांबला, अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याच्या नावाने गाव ओळखलं जातं, तोही इथे पाहुणाच.

दुसरं नाव कालिदासाच्या यक्षाचं. कुबेराच्या सेवेत चूक झाली, वर्षभराची हद्दपारी मिळाली आणि गडी रामगिरीवर येऊन राहिला. आषाढात ढग दिसतो तेव्हा त्याच्या शिक्षेचे चार महिने उरलेले असतात. विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी सुटका. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. चित्रकूट आणि सरगुज्याचा रामगढ हे दावेदारही मैदानात आहेत, पण रामटेककरांच्या लेखी निकाल लागलेला आहे. टेकडीवर कालिदास स्मारक उभं आहे आणि यक्षाचा मुक्काम तिथेच होता, याबद्दल चहाच्या टपरीवर कुणी वाद घालत नाही. जगातला हा बहुधा एकमेव पर्यटक, ज्याने सबंध मुक्काम घरच्या आठवणीने हैराण होऊन काढला आणि तरीही त्याच्यामुळे त्या जागेची जाहिरात पंधराशे वर्षं चालू राहिली.

देव आणि यक्ष श्रद्धेच्या आणि काव्याच्या खात्यावर टाकले, तरी खरीखुरी माणसं उरतातच. हॉटेलात पाहुण्यांचं रजिस्टर असतं. रामटेकचं रजिस्टर भिंतीवर आहे, आणि ते कित्येक शतकं चुन्याखाली झाकलेलं होतं.

गडावर मुख्य राममंदिराशिवाय जुनी, ठेंगणी, दगडी देवळं आहेत. केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रम, वराह, भोगराम. राममंदिराच्या शिखरांपुढे ती नजरेत भरत नाहीत आणि दर्शनाच्या घाईतला माणूस त्यांच्याकडे पाठ करून पुढे जातो. पण वयाने गडावर तीच वडीलधारी, वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. टेकडीपासून जवळच असलेलं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली होती. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, राज्याचा कारभार तिने हाती घेतला. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण या टेकडीवर येत होती, दान देत होती, हे त्यातून कळतं.

केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा लेख सापडला तो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. देवळं म्हटली की रंगसफेदी आलीच. जत्रा जवळ आली की चुना, सण आला की पुन्हा चुना. पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने मारलेल्या त्या हातांखाली अक्षरं गाडली गेली होती. थर उतरवले तेव्हा भिंतीवर ब्राह्मीच्या ओळी दिसू लागल्या. अ. प्र. जामखेडकरांनी लेख प्रकाशात आणला, पुढे डच अभ्यासक हान्स बेकर यांनी त्यावर बारकाईने काम केलं. ओळी ठिकठिकाणी झिजलेल्या, तुटलेल्या. तरी जे लागतं त्यावरून अभ्यासक म्हणतात की प्रभावतीगुप्तेच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी इथे देव स्थापला आणि त्याला आईचंच नाव दिलं, प्रभावतीस्वामी.

या भिंतीपाशी थोडं रेंगाळावंसं वाटतं. एका मुलीने आईसाठी लिहून ठेवलेली नोंद, आणि ती झाकणारे हात कोणा शत्रूचे नाहीत, देवळावर जीव असलेल्या माणसांचे. चुन्याने अक्षरं लपवली, आणि ऊन-पावसापासून काही अंशी सांभाळलीही असतील. नरसिंह आत बसलेला आहे, एक पाय वर घेऊन, हातात चक्र धरून, चेहऱ्यावर उग्रतेपेक्षा आराम जास्त. शेंदूर आणि तेल त्यालाही चुकलेलं नाही. पुरातत्त्वाच्या माणसाला उघडा दगड हवा, भाविकाला देव सजलेला हवा. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचं पटत नाही. गडावर हा संसार वर्षानुवर्षं असाच चालू आहे.

रजिस्टरमधली दुसरी मोठी नोंद रामासमोरच्या लक्ष्मणाच्या देवळात आहे. यादव राजा रामचंद्राच्या काळातली, तेराव्या शतकातली. तिच्यात टेकडीवरची देवळं आणि भोवतालची तीर्थं सांगितली आहेत. आजच्या भाषेत पर्यटन पुस्तिका, फक्त दगडावर कोरलेली. तिच्याच आगेमागे गुजरातेतला एक प्रधानपुत्र, हरिपाळदेव, रामटेकच्या रामाच्या यात्रेला जातो असं सांगून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि पुढे तो चक्रधर स्वामी म्हणून ओळखला गेला. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, ज्याच्याभोवती उभा राहिला, त्या माणसाने घरातून निघताना रामटेकचं नाव सांगितलं होतं. पुढे चक्रधर रामटेकलाही राहिले. भोगरामाचं देऊळ महानुभावांना त्यामुळेच पूज्य आहे.

एका पाहुण्याची गोष्ट मात्र सांगताना गाव जरा अडखळतं. तप करणाऱ्या शंबूकाचा वध रामाने इथेच केला, अशी आख्यायिका आहे. मरताना त्याने वर मागितला आणि धूम्रेश्वर म्हणून तो इथेच राहिला. रामाच्या आधी त्याचं दर्शन घ्यावं, असं जुनी माणसं सांगतात. गर्दीच्या दिवशी तिकडे किती पावलं वळतात, हे ज्याने त्याने उभं राहून पाहावं.

अठराव्या शतकात नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी गडाला आजचं रूप दिलं. वराह, सिंहपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत माणूस रामापर्यंत पोचतो. पहिल्या दरवाजाजवळ वराहाची अवाढव्य मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे गेलं की पाप नाही, अशी समजूत. जाड माणसांची इथे बिचाऱ्यांची फार परीक्षा होते. काळ्या तोंडाची वानरं तटावर बसून हा सोहळा रोज बघतात आणि नारळाची पिशवी कुणाच्या हातात सैल आहे तेवढं नेमकं हेरतात.

आधुनिक पाहुण्यांत सगळ्यात नामी पी. व्ही. नरसिंह राव. 1984 च्या लोकसभा निवडणुकीत ते दोन ठिकाणी उभे होते. तेव्हाच्या आंध्रातल्या हनमकोंड्याने त्यांना पाडलं, रामटेकने निवडून दिलं. 1989 मध्ये पुन्हा रामटेकच. 1991 ची सार्वत्रिक निवडणूक ते लढलेच नाहीत आणि त्याच वर्षी पंतप्रधान झाले. म्हणजे खासदार रामटेकचा होता तेव्हा पंतप्रधान नव्हता, आणि पंतप्रधान झाला तेव्हा रामटेकचा राहिला नव्हता. घरून हाकलल्यावर रामटेकने आसरा द्यायचा, ही यक्षापासूनची रीत राजकारणातही चालली म्हणायची. 1997 मध्ये इथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय सुरू झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं संस्कृत विद्यापीठ.

खरा लांबचा मुक्काम करतात ते जैन मुनी. शांतिनाथ मंदिराच्या परिसरात आचार्य विद्यासागर महाराजांचे अनेक चातुर्मास झाले, 2017 चा त्यातलाच. पावसाळ्याचे चार महिने मुनी एका जागी राहतात आणि त्यांच्यामागे देशभरातून श्रावक येतात. खोल्या भरतात, स्वयंपाकघरं चालतात. यक्षाचे उरलेले चार महिने तेच, आषाढापासून कार्तिकी एकादशीपर्यंत. एकादशी झाली की चार दिवसांत त्रिपुरी पौर्णिमा येते आणि रामटेकची मोठी जत्रा भरते. मध्यरात्री राममंदिरावर त्रिपूर जाळतात. देवाची जुनी वस्त्रं त्यात जाळायची प्रथा आहे. ती ज्योत पाहायची तर रात्री गडावर थांबणं भाग आहे.

एरवी थांबायला कारण उरलेलं नाही, आणि गावाची काळजी नेमकी इथून सुरू होते. रस्ता चांगला झाला. जबलपूरकडे जाणारा महामार्ग मनसरवरून जातो, तिथून रामटेक हाकेच्या अंतरावर. इतवारीहून येणाऱ्या लोकल गाडीचं रामटेक हे शेवटचं स्टेशन आहे. सकाळी निघालेला माणूस दर्शन घेतो, खिंडसीला बोटीत बसतो, आणि संध्याकाळच्या मालिकेच्या वेळेला घरी असतो. वाघ बघायला आलेला पाहुणा पेंचच्या सिल्लारी, खुर्सापारच्या फाटकांजवळ जंगलातल्या रिसॉर्टमध्ये उतरतो. रामटेक त्याला वाटेवरची पाटी म्हणून दिसतं.

मोटारीची वाट गडाच्या पाठीमागून जवळजवळ देवळापर्यंत पोचली, तशी अंबाळ्यावरून चढणाऱ्या पायऱ्यांची चाल कमी झाली. पूर्वी यात्रा म्हणजे अंबाळ्यावर आंघोळ, काठावरच्या देवळांत पाणी, मग एकेक पायरी. वाटेत बसणाऱ्या फुलवाल्या, बोरं-चिंचा विकणाऱ्या बाया, पाणी पाजणारी पोरं या सगळ्यांचं पोट त्या चढावर होतं. आता पार्किंगपाशी जो पहिला ठेला लागतो त्याचं चालतं.

अंबाळ्याचं दुखणं निराळं. टेकडी वळसा घेते त्या कुशीत हा तलाव आहे. डोंगरावरून उतरलेलं पावसाचं पाणी त्यात साठतं आणि साठून राहतं. चारी बाजूंनी दगडी घाट, घाटांवर जुन्या घराण्यांनी बांधलेली देवळं. अंब नावाच्या राजाचं कुष्ठ या पाण्याने बरं झालं, ही कथा प्रत्येक पुजारी सांगतो. इथेच अस्थी शिरवतात, पिंड देतात. वाहत्या नदीत राख पुढे जाते, इथे ती जायची कुठे? निर्माल्य, पीठ, तेलकट दिवे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं पाण्याच्या वाट्याला येतं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की हिरवी साय धरते. ज्यांचा व्यवसाय या विधींवर चालतो, त्यांच्याच घराखाली हे पाणी आहे.

खिंडसीचा प्रश्न हिशेबाचा आहे. सूर नदी अडवून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हा तलाव बांधला तो शेतीसाठी, नौकाविहारासाठी नव्हे. रामटेक-मौद्याच्या पट्ट्यात धान होतं आणि धानाला पाणी लागतं. पाऊस उशिरा आला की कालवे आधी सुटतात. पर्यटकाला सुट्या असतात मे महिन्यात, आणि मे महिन्यात पाणी काठापासून लांब गेलेलं असतं. बोटवाल्याला चिखलातून फळ्या टाकून गिऱ्हाईक न्यावं लागतं. शेतकऱ्याशी भांडता येत नाही, कारण बोटवाल्याच्या घरीही बहुधा धानाची बांधी असते.

पानमळ्यांचंही तसंच झालं. रामटेकचं कपुरी पान एकेकाळी बाहेरगावी जायचं. बरई समाजाने ते मळे सांभाळले. वेल आधारावर चढवायचा, उन्हापासून जपायचा, मळ्यात चप्पल घालून शिरायचं नाही, नागपंचमीला नागवेलीची पूजा करायची. मजुरी वाढली, वेलीवर रोग पडला की एका हंगामात मळा बसतो, आणि खर्ऱ्याच्या पुड्यांनी पानाचं गिऱ्हाईक खाल्लं. जेवलेल्या पाहुण्याच्या हातात घरच्या मळ्यातल्या पानाचा विडा ठेवणारी घरं गावात होती. आता विडा हवा असेल तर ठेल्यावर, आणि पान बहुतेक वेळा परगावचं.

2011 च्या जनगणनेत गावाची वस्ती 22 हजारांच्या आसपास होती. 1867 पासून इथे नगरपालिका आहे, म्हणजे जत्रेची गर्दी सांभाळायचा दीडशे वर्षांचा सराव आहे. एका रात्रीत लाखभर माणूस उतरवून घेणं या गावाला जमतं. अवघड जातं ते एरवीच्या मंगळवारी दहा खोल्या भरणं. कालिदासाच्या नावाचा महोत्सव झाला, त्यातले मोठे कार्यक्रम नागपूरच्या सभागृहांकडे सरकले, कारण कलाकाराला आणि रसिकाला रात्री झोपायला तिथे चांगली जागा आहे. विद्यापीठाचे विद्यार्थी तेवढे खऱ्या अर्थाने राहायला येतात. मेघदूताचा पेपर ते यक्षाच्याच टेकडीखाली बसून लिहितात, आणि आषाढात हॉस्टेलचं छत गळलं की ढगाला उद्देशून जे बोलतात ते अभ्यासक्रमात नाही.