नावावरचा बोजा उतरतो कधी?



गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. तुळशीचे लग्न लागले की सोयरिकी सुरू होतात. पूर्वी अशा वेळी आपण पाहुण्यांच्या गावात कुणी ओळखीचा गाठून विचारीत होतो, "माणूस कसा आहे?" आता घरातला शिकलेला मुलगा मोबाईल काढतो आणि थोड्या वेळाने सांगतो, "आबा, ह्याच्या नावावर केस आहे!" तेवढ्या एका वाक्यावर जमलेली सोयरीक मोडते, दारात आलेला गडी परत जातो.

मुलगा खोटे बोलत नाही. पण त्याने सांगितलेली गोष्ट पुष्कळदा अर्धीच असते. गुन्ह्यांच्या नोंदी घरबसल्या पाहता येऊ लागल्या, हे चांगलेच झाले. मात्र त्या वाचायच्या कशा, हे आपण शिकले पाहिजे. औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण न वाचता फवारणी केली तर पीक जळते. इथे तर माणसाचे आयुष्य जळते.

काय काय उघडे आहे?

पहिली गोष्ट पोलिस ठाण्यातली खबर, म्हणजे एफ.आय.आर. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की खबर नोंदल्यापासून २४ तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. जोडणीची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक अत्याचार, मुलांवरील अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक प्रकरणांच्या खबरी यातून वगळल्या आहेत. याचा फायदा गरिबालाच आहे. आपल्यावर काय आरोप आहे हे कळण्यासाठी त्याला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट न्यायालयातली. ई-कोर्ट सेवेवर खटल्याची पुढची तारीख, आदेश आणि निकाल पाहता येतात. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांचा व आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो हाती असेल तर नुसती तारीख विचारायला तालुक्याला खेटे घालायचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट निवडणुकीतली. २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की लोकसभा-विधानसभेला उभा राहणारा उमेदवार कोणत्या गुन्ह्यात अडकला आहे हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. त्याचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. जो आपल्यावर राज्य करायला निघाला, त्याची नोंद उघडीच पाहिजे. मत देण्यापूर्वी ती जरूर वाचा.

मात्र सगळेच उघडे करावे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पोलिसांची दोषारोपपत्रेही संकेतस्थळावर टाकावीत अशी मागणी झाली होती. ती जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. त्यात आरोपीबरोबर पीडिताच्याही हक्कांना बाधा येते, असे कारण दिले.

सातबारा आठवा

सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो. कर्ज फिटले तरी तो आपोआप उतरत नाही. निल दाखला घ्यावा लागतो, तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. तोवर कर्ज फेडलेला माणूसही कागदावर कर्जदारच दिसतो. पण निदान तिथे बोजा उतरवण्याची एक ठरलेली वाट तरी आहे.

खबरेचे तसे नाही. समजा, बांधावरून दोन भावकीत मारामारी झाली. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. रागाच्या भरात त्या दिवशी बाजाराला गेलेल्या भावाचेही नाव घातले गेले. पुढे पाच-सात वर्षांनी खटला उभा राहिला, साक्षी झाल्या आणि सगळे निर्दोष सुटले. पण खबरेच्या त्या कागदावर निकालाची ओळ नसते. खबर म्हणजे फिर्यादीने पोलिसांना सांगितलेली हकिगत. ती शाबीत व्हायची असते. दहा वर्षांनी त्या भावाच्या मुलीला स्थळ येते आणि कुणीतरी जुना कागद मोबाईलवर दाखवते. बाजाराला गेलेल्या माणसाचा बोजा त्याच्या लेकीच्या डोक्यावर बसतो.

असे शहरातही होते. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाला नोकरी मिळेना, कारण नाव शोधले की खटल्याचा कागद पुढे येई. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि तो निकाल शोधात दिसू नये अशी व्यवस्था करायला सांगितले. पण प्रत्येक शेतकऱ्याने त्यासाठी उच्च न्यायालयात जावे का? माझे म्हणणे असे, की जिथे खबर दिसते तिथेच तिचा निकालही दिसला पाहिजे. चढलेला बोजा उतरलेला दाखवणे हे नोंद ठेवणाऱ्याचे काम असावे.

यादीच उघडी केली तर?

काही लोक म्हणतात, गुन्हेगारांची नावे-पत्ते सरळ यादी करून जाहीर करा, म्हणजे लेकीबाळी सुरक्षित राहतील. आईबापाच्या मनातली ही काळजी खरी आहे. अमेरिकेने हे केले. न्यू जर्सी राज्यात १९९४ साली एका लहान मुलीची हत्या झाली. त्यानंतर कायदा झाला, १९९६ मध्ये तो देशभर लागू केला गेला. आज तिथे लैंगिक गुन्हेगाराचे नाव, छायाचित्र आणि पत्ता कुणालाही पाहता येतो.

त्याचे एक फळ २००६ च्या एप्रिलमध्ये मेन राज्यात दिसले. कॅनडातून आलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाने त्या यादीतून पत्ते काढले आणि दोघांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांतल्या एकाचा गुन्हा काय होता? सोळावे वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस कमी असलेल्या आपल्या मैत्रिणीशी संबंध. यादीत नाव होते, पण प्रत्येकाच्या गुन्ह्याचे वजन मारणाऱ्याने पाहिले नाही.

आपल्या देशाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. तेव्हाच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. मला हे योग्य वाटते.

का, ते सांगतो. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, आठवड्याच्या बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, आणि पाचही जण भिक्षा मागून पोट भरणारे होते. त्यांच्या नावाची कुठे यादीसुद्धा नव्हती. नुसत्या अफवेवर जिथे पाच जीव जातात, तिथे छायाचित्र-पत्त्यासह यादी हाती आली तर काय होईल, याचा विचार करा.

कागदावरचा शिक्का किती टिकतो, हेही आपल्याच मातीत दिसते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी गावात चोरी झाली की आजही बोट आधी पारध्याच्या पालाकडे जाते.

तेव्हा काय करावे?

नोंद दिसली तर पहिल्यांदा खात्री करा, की माणूस तोच आहे. एका नावाचे चार लोक तालुक्यात सापडतात. वडिलांचे नाव, गाव, वय जुळते का ते पाहा.

नंतर खटल्याचे पुढे काय झाले ते पाहा. 'पेंडिंग' म्हणजे निकाल व्हायचा आहे. 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाल झाला, पण एवढ्यावर थांबू नका. 'अ‍ॅक्विटेड' लिहिले असेल तर माणूस निर्दोष सुटला आहे.

कलमाच्या आकड्यावर जाऊ नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. ३०२ म्हटले की आपल्याला खून आठवतो. नव्या संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणारे शब्द बोलण्याचे आहे. आकडा तोच, गुन्हा वेगळा. म्हणून तारीख पाहा आणि जमले तर वकिलाला विचारा.

विश्वासाचे काम द्यायचे असेल, शाळेची गाडी चालवायची असेल, तर त्या माणसाला पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणायला सांगा. ही राजरोस वाट आहे. बालवयातल्या चुकीचे मात्र उकरून काढू नका. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशा मुलाचे नाव उघड करता येत नाही. प्रकरण मिटले असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी ती नोंद सांगायची नाही. अगदी अघोर गुन्ह्यांना वेगळे नियम आहेत.

कुणाची खबर गावच्या गटावर पुढे ढकलू नका. ती वाचणाऱ्यांपैकी निकाल वाचायला किती जण जातील?

आणि तुम्ही स्वतः निर्दोष सुटला असाल, तर निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून घ्या आणि सातबाऱ्याच्या शेजारी जपून ठेवा. उद्या सोयरिकीच्या बैठकीत कुणी मोबाईल पुढे केला, तर तुम्हाला तो कागद पुढे करता येईल. त्याच बैठकीत समोरच्या पाहुण्याने असा कागद काढला, तर तोही शेवटपर्यंत वाचून घ्या.