खाऱ्या पाण्याची रात्र

आम्ही तेल्हाऱ्याचे. आमच्या गावापासून समुद्र कितीतरी लांब. पण खारे पाणी मात्र आम्हाला जन्मापासून ओळखीचे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने पसरलेला आमचा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही अन् साबणाला फेस येत नाही. आज वान धरणाचे गोड पाणी नळाने येते. आमच्या मायचे अर्धे आयुष्य मात्र ते खारे पाणी पिण्यातच गेले.

यंदा तिला मुंबईला नेले, ते तिच्या किडनीसाठी. शेगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरली. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. तिसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "आजी, आज दवाखाना नाही. आज मुंबई!"

गिरगाव चौपाटीवर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. 1920 साली लोकमान्यांना अग्नी दिला तो याच वाळूत. पुतळ्याला हात जोडून माय थेट पाण्याकडे गेली. वाकून ओंजळ भरली, बोट जिभेला लावले अन् म्हणाली, "अरे बाप्पा, हे तं आपल्या हिरीच्या पान्याचं थोरलं भाऊ हाय!"

पुतण्या हसला. मला मात्र दहीहांडा आठवला. 1930 साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडात समुद्र कुठला? तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या या गावी खारट विहिरीचे पाणी आटवून मीठ काढले गेले. इकडे मुंबईत त्याच साली वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रही लाठ्या खात होते. खारेपणाने जोडलेले हे आमचे नाते!

दिवे लागले. मरीन ड्राइव्हची ती साडेतीन किलोमीटरची कमान राणीच्या हारासारखी उजळली. ही सारी जमीन माणसाने समुद्राकडून मागून घेतलेली. कठड्यावर कोण नव्हते? हातात हात घालून बसलेली जोडपी, ड्यूटी संपवून आलेला वॉचमन, पोरासोरांसह आलेले कुटुंब. बसायला तिकीट नाही, कोणी ऊठ म्हणत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांचे हेच अंगण! जानेवारी 2020 मध्ये काही भागांतली हॉटेले, मॉल रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा सरकारने दिली. या कठड्याला मात्र मुभेची गरज कधीच नव्हती.

मग खाणे. तव्यावर खणखण वाजणारी पावभाजी. गिरण्यांच्या कामगारांसाठी ती जन्मली असे सांगतात. आम्ही दोघांनी बोटे चाटली. मायसमोर प्लेट आली. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिले अन् प्लेट माझ्याकडेच सरकवली. "माह्या वाट्याचं मीठ मी कवाच खाल्लं, लेका. तू खाय."

घास घशात अडकला. तिच्यासाठी मलई कुल्फी आणली. ती पोरीसारखी चाटून खाल्ली.

रात्री अकरा वाजता तिला म्हटले, चला आता. तर म्हणाली, "थांब ना जरासा. जल्मभर पानी आणाले मी गेली. आज पानीच माह्या पायापाशी येऊन रायलं."

आम्ही बसलो. लाटा येत होत्या, जात होत्या. घाई कोणालाच नव्हती.