चिठ्ठ्यांची सोडत आणि शेवटचा हात

एखादें काम कोणावर सोंपवावें याचा निकाल चिठ्ठ्या टाकून लावण्याची रीत आपल्या कुटुंबांतून जुनी आहे. डबा फिरूं लागला कीं पहिला हात आपला असावा म्हणून जो तो धडपडतो. मागें राहणाराच्या वांट्यास उरलेंसुरलेंच यावयाचें, ही समजूत थोरामोठ्यांतही आढळते. ती कितपत खरी, हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यांत नेतों.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली निराळा झाला. आज चंद्रपुरांत १५ तालुके आहेत, गडचिरोलींत १२. या २७ नांवांच्या चिठ्ठ्या डब्यांत घालून, काढलेली परत न टाकतां, दोन काढाव्या. पहिली गडचिरोलीकडची निघण्याचा संभव २७ पैकीं १२. ती तशी निघाली तर मागें २६ उरल्या, त्यांत गडचिरोलीच्या ११. म्हणून दोन्ही तिकडच्याच निघण्याचा संभव ७०२ पैकीं १३२. कारण २७ गुणिलें २६ म्हणजे ७०२, आणि १२ गुणिलें ११ म्हणजे १३२. मुलें दुसऱ्या वेळींही २७ नेंच भागतात आणि हटकून चुकतात.

आतां दुसरा हात पाहूं. पहिली चंद्रपूरची व दुसरी गडचिरोलीची, असे प्रकार १५ गुणिलें १२, म्हणजे १८०. त्यांत वरचे १३२ मिळविले कीं ३१२ होतात. आणि ७०२ पैकीं ३१२ म्हणजे पुन्हां २७ पैकीं १२ च! दुसरा हात पहिल्याहून तिळमात्र उणा नाहीं, आणि सत्ताविसावाही नाहीं.

या भागांत असल्या सोडतीवर घरांतल्या करमणुकीहून पुष्कळ मोठें कांहीं अवलंबून असतें. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या कायद्यानें सरपंचपद आदिवासींसाठीं राखलेलें आहे, आणि महाराष्ट्रांत स्त्रियांचा हिस्सा २०११ मध्यें निम्मा झाला. कोणत्या गांवीं तो पडावा हें पाळीनें ठरतें. पाळीनें उलगडा होत नाहीं तेथें चिठ्ठीनें, आणि ती पुष्कळदां लहान मुलाच्या हातून काढवितात. (बाईला खुल्या जागींही उभें राहतां येतें, हें येथें सांगितलेलें बरें.)

समजा, १० गांवांतून ५ काढावयाचीं आहेत. चार निघालीं, आपलें नांव अजून डब्यांतच. उभें राहण्याच्या तयारीनें आलेल्या बाईचा जीव येथें खालींवर होतो, आणि तें साहजिक आहे. सकाळीं तिच्या गांवाची आशा निम्मी होती, आतां सहांत एक. मग मागें राहिल्यानेंच तोटा झाला ना? नाहीं. चार चिठ्ठ्या वाचल्या गेल्या म्हणून आपलें ज्ञान वाढलें आणि संभव बदलला. त्याच चार न उघडतां बाजूस ठेवल्या असत्या, तर पांचवीवर तिचें गांव असण्याचा संभव पहिलीइतकाच, दहांत एक, राहिला असता.

शेजारच्या दोन गांवीं दोन बहिणी दिलेल्या असतील, तर दोन्ही गांवें निघण्याचा संभव मात्र निम्म्याचा निम्मा, म्हणजे चौथाई, धरूं नये. एकीचें गांव निघालें कीं उरलेल्या ९ गांवांसाठीं ४ च जागा राहतात. म्हणून तो ९० पैकीं २० येतो, चौथाईहून थोडा कमीच.