मालगुजारी तलाव

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना वाटेत शहापूर लागते. तेथून पुढे वैनगंगा ओलांडून साकोलीच्या बाजूस गेले, की धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची एखादी लांबट, बुटकी टेकडी दिसते. तिच्यावर गवत वाढलेले असते आणि गुरे चरत असतात. ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. ती तलावाची पाळ आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी शेतकऱ्यांनी त्यांतील पुष्कळ बांधले. जो तलाव बांधील, त्याला त्याखालची जमीन मिळे, असे सांगतात. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. बहुतेक तलाव मात्र एका गावापुरतेच. त्याहून लहान ती बोडी. ती तर एकेका शेतकऱ्याच्या मालकीची असते.

मुलांनो, नुसत्या मातीची भिंत एवढे पाणी कसे अडवते, असे तुम्हांला वाटेल. चिकणमाती धुमसून घट्ट बसवली, म्हणजे तिच्यातून पाणी फारच सावकाश झिरपते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो; म्हणून पाळ तळाशी खूप रुंद व माथ्याशी अरुंद ठेवतात. आपल्या वजनानेच ती उभी राहते. परंतु पाणी तिच्या माथ्यावरून वाहू लागले, की तिची धडगत नाही. प्रथम लहानसा चर पडतो, तो पाहता पाहता रुंदावतो आणि काही तासांत सारा तलाव खालच्या शेतांत उतरतो. याकरिता पाळीच्या एका टोकाशी, कठीण जमिनीवर, माथ्यापेक्षा खालच्या पातळीला सांडवा ठेवतात. थोडे अधिक पाणी साठावे म्हणून सांडवा बुजविण्याचा मोह एखाद्याला होतो. पण तेवढ्या पाण्यासाठी तो सारा तलावच पणाला लावतो. उंदरांची व खेकड्यांची बिळेही वेळीच बुजवावी लागतात.

आषाढात रोवणी होते. पुढे धान गर्भात असताना पाऊस दडी मारतो, तेव्हा तलावाचे एक पाणी मिळाले तरी पीक हाती येते.

पूर्वी हे तलाव मालगुजारांचे होते. सरकारसाठी सारा वसूल करणारे ते गावाचे मालक. १९५० च्या कायद्याने त्यांचे मालकी हक्क रद्द झाले व १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात. कुळांच्या दृष्टीने हा बदल न्यायाचाच होता. पण मालक बदलला म्हणून पाळीची गरज बदलत नाही. तिला दर उन्हाळ्यात पूर्वीइतकीच डागडुजी लागते. ती कोणी करायची, हे अनेक गावांत अनिश्चित राहिले. तलाव गाळाने उथळ झाले व काठांवर बेशरम माजली.

हा गाळ मात्र टाकाऊ नव्हे. पावसाने शिवारातून वाहून आणलेली ती कसदार मातीच असते. उन्हाळ्यात तलाव आटला, की ती खणून पुन्हा बांध्यांत पसरतात.