लिव्हरपूलची चुनाभट्टी

लिव्हरपूलच्या मुख्य स्टेशनचं नाव लाइम स्ट्रीट. मराठीत सांगायचं तर चुन्याची गल्ली. एकेकाळी इथे गावाबाहेर चुन्याच्या भट्ट्या होत्या. शेजारच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धुराची तक्रार केली, भट्ट्या हलल्या आणि नाव तेवढं रस्त्याला चिकटून राहिलं. हार्बर लाइनवर आयुष्य काढलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. आपली चुनाभट्टी त्याच लाइनवर आहे आणि कॉटन ग्रीनही. लिव्हरपूलच्या या चुनाभट्टीची गोष्टसुद्धा कापसाला सोडून सांगता येत नाही.

अमेरिकेतला कापूस जहाजांतून लिव्हरपूलच्या गोदीत उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. मधलं अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण कालव्यातून माल न्यायला वेळ फार लागे आणि कालवेवाले दर मनाला येईल तसा लावत. त्यांच्या जाचाला कंटाळलेल्या व्यापाऱ्यांनी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे उभी केली. १५ सप्टेंबर १८३० रोजी तिचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन पार्कसाइडला रुळांवर उतरले असताना ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडले आणि त्यांचा मृत्यू झाला. सोहळ्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन हजर होते. आनंदाच्या दिवसाला असं गालबोट लागलं, तरी रेल्वे थांबली नाही. मालासाठी बांधलेल्या या रेल्वेकडे प्रवाशांचीच रीघ लागली.

पण पहिलं प्रवासी स्टेशन क्राउन स्ट्रीटला, म्हणजे वस्तीपासून लांब, टेकडीवर होतं. मालासाठी थेट गोदीपर्यंत बोगदा आणि माणसांनी मात्र घोडागाडीतून खाली उतरायचं, असा प्रकार. म्हणून एज हिलपासून शहराच्या मध्यापर्यंत दुसरा बोगदा खणला आणि १८३६ च्या ऑगस्टमध्ये लाइम स्ट्रीट सुरू झालं. अडचण होती ती चढाची. ९३ फुटांना एक फूट. बोरघाटातला ३७ फुटांना एक फूट हा चढ आणि कर्जतहून गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे किरकोळ वाटेल. त्या काळच्या इंजिनांना ते किरकोळ नव्हतं. त्यामुळे एज हिलला बसवलेलं वाफेचं यंत्र लांबलचक दोर ओढून गाड्या वर खेचत असे. खाली येताना तर इंजिनच नसायचं. डबे उताराने आपोआप घरंगळत यायचे आणि ब्रेक सांभाळणारी माणसं त्यांना आवरत फलाटाला लावायची. हा प्रकार थोडीथोडकी नव्हे, १८७० पर्यंत, तब्बल ३४ वर्षं चालला.

दोर गेला आणि इंजिनं बोगद्यातून धावू लागली, तर धूर कोंडायला लागला. शेवटी १८८० च्या दशकात बहुतेक बोगद्याचं छतच काढून टाकलं आणि खडक खोदून चार रुळांची दरी केली. आज लंडनहून येणारी गाडी शेवटचा मैलभर याच दरीतून येते. दोन्ही बाजूंना लाल वालुकाश्माच्या उंच, ओल्या भिंती, त्यांवर शेवाळ आणि नेचे, मध्येच डोक्यावरून जाणारे रस्त्यांचे पूल. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातून जावं तसं क्षणभर वाटतं. फक्त इथला पावसाळा बाराही महिने असतो!

दरी सुंदर आहे खरी, पण ती जुनी झाली आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी तिच्या माथ्यावरच्या भिंतीचा भाग कोसळला आणि मोठा ढिगारा रुळांवर आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण वाटा बंद झाल्या आणि सुमारे आठवडाभर लाइम स्ट्रीटची मुख्य वाहतूक ठप्प झाली. इतक्या मोठ्या शहराचं मुख्य स्टेशन त्या एका चिंचोळ्या दरीच्या भरवशावर आहे, हे त्या आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात आलं.

स्टेशनात उतरल्यावर आधी वर पाहावं. १८६७ मध्ये पूर्ण झालेलं हे लोखंड आणि काचेचं कमानदार छप्पर २०० फूट रुंदीचं आहे. त्या वेळी जगात एवढ्या पल्ल्याचं दुसरं छप्पर नव्हतं. हा मान जेमतेम वर्षभर टिकला, कारण १८६८ मध्ये लंडनचं सेंट पँक्रस त्याहून रुंद निघालं. मागोमाग शेजारी दुसरं छप्पर चढलं. दर्शनी बाजूला १८७१ मध्ये आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधलेलं नॉर्थ वेस्टर्न हॉटेल आहे. अमेरिकेला निघालेले धनिक जहाजाच्या आदल्या रात्री इथे उतरत. समुद्रप्रवासी कमी झाले तसं १९३३ मध्ये ते बंद पडलं. पुढे विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं आणि आता तिथे पुन्हा हॉटेल आहे. माझ्या मते बोरीबंदरची शान याला नाही. बोरीबंदरची इमारत आधी राजवाडा आहे, मग स्टेशन. लाइम स्ट्रीटचं सौंदर्य छपराखाली उभं राहिल्यावर कळतं.

याच छपराखाली आणखी एक गर्दी उतरत असे. १८३० ते १९३० या शंभर वर्षांत सुमारे ९० लाख माणसं लिव्हरपूलहून परदेशी गेली, बहुतेक अमेरिकेला. आयरिश लोक बोटीने येत. पण स्कँडिनेव्हिया, जर्मनी, रशिया इथली कुटुंबं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हलला उतरत आणि देश आडवा ओलांडून रेल्वेने लिव्हरपूलला पोहोचत. भाषा येत नाही, पोरं कडेवर, गाठोडी पाठीवर आणि मदतीच्या मिषाने सामान पळवणारे दलाल वाट पाहत उभे. आपण मंडळी विमानतळावर दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन उतरलो, त्याची आणि याची बरोबरी करू नये. त्यांच्यातल्या फार थोड्यांना घर पुन्हा दिसलं.

त्यांच्यामागून मोठ्या बोटींच्या प्रवाशांसाठी थेट धक्क्यालगत रिव्हरसाइड स्टेशन झालं, १८९५ मध्ये. रेल्वेतून उतरायचं आणि बोटीत चढायचं. मुंबईच्या बॅलार्ड पियरवर असंच मोल स्टेशन होतं. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली ती तिथूनच. दोन्ही स्टेशनं बोटींवर जगली आणि बोटींबरोबर गेली. रिव्हरसाइडची शेवटची गाडी १९७१ च्या फेब्रुवारीत सैनिकांना घेऊन आली. सेंट्रल स्टेशनचे वरचे फलाट १९७२ मध्ये गेले, एक्स्चेंज १९७७ मध्ये. कापूस गेला, गोदीचं काम नदीच्या मुखाकडे सरकलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी उरलं ते एकटं लाइम स्ट्रीट. ते बोटीसाठी बांधलेलं नव्हतं. शहरातल्या माणसाला घोडागाडी करावी लागू नये, एवढ्यासाठी बांधलेलं होतं.

आज इथून लंडन साधारण सव्वादोन तासांवर आहे. बर्मिंगहॅम, लीड्स, न्यूकॅसल, नॉर्विच इथेही सरळ गाड्या जातात. २०१७-१८ मध्ये दोन नवे फलाट बांधले गेले. जमिनीखाली मर्सीरेलचा फलाट मात्र एकच आहे आणि गाड्या एकाच दिशेने वर्तुळात फिरतात, तेव्हा समोरचा फलाट शोधत बसू नका. दोन स्टेशनांवर जेम्स स्ट्रीटला उतरून चालत गेलं की फेरीचा धक्का. वरच्या दालनात विनोदवीर केन डॉड आणि खासदार बेसी ब्रॅडॉक यांचे पुतळे समोरासमोर उभे आहेत. त्याच्या हातात गुदगुल्या करायची काठी, तिच्या हातात अंडं. मुलं फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत.

एखादा रविवार मोकळा असेल तर मँचेस्टरला जुन्या मार्गाने जा. जलद गाडी नको, वेळापत्रक पाहून थांबत-थांबत जाणारी घ्या, मध्ये गाडी बदलावी लागली तरी चालेल. एज हिलची १८३६ ची इमारत अजून स्टेशन म्हणूनच वापरात आहे. पुढे रेनहिल लागतं, १८२९ मध्ये ‘रॉकेट’ने ५०० पौंडांचं बक्षीस जिंकलं ते गाव. मग न्यूटन-ली-विलोज. इथल्या व्हल्कन फाउंड्रीने ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेसाठी पहिली आठ इंजिनं बनवली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी ओढणारी ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ याच गावची. स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात रुळांलगत हस्किसन यांचं स्मारक येतं. खिडकीशी बसा आणि फोन खाली ठेवा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत ते मागे पडतं.